अडकलं की आधी पाहा

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात दिवा सात सेकंद लाल असतो आणि तीन सेकंद हिरवा. लाल असताना पिस्तूल धरलेला हात खाली झुकलेला. हिरवा होताच हात वर, नेम, एक गोळी आणि हात पुन्हा खाली. असं ओळीने पाच वेळा. या तीन सेकंदांत चाप ओढला आणि आवाजच आला नाही, तर कोणाचाही मोकळा हात आपसूक बोल्टकडे, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाकडे जाईल. खेचावं, आत अडकलेलं काय ते झटकावं आणि पुढची गोळी मारावी, असंच वाटेल.

नेमबाजीचा आंतरराष्ट्रीय नियम नेमका तिथेच हात धरतो. पिस्तूल निशाणाच्या दिशेनेच रोखून ठेवायचं, मूठ सोडायची नाही, यंत्रणेला बोट लावायचं नाही. मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरला बोलवायचं. तो येऊन पिस्तूल आपल्या हातात घेतो, बाहेरून कारण दिसत नसेल तर एकदा चाप ओढून पाहतो, मग उघडून तपासतो आणि निकाल देतो. पुंगळी बाहेर पडली नाही, फायरिंग पिन तुटली, काडतूस पेटलंच नाही, गोळी नळीत राहिली, असं काही निघालं तर बिघाड 'ग्राह्य' ठरतो आणि राहिलेल्या गोळ्या मारायची संधी मिळते. पण मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, गोळ्या कमी भरल्या होत्या, सेफ्टी लावलेली राहिली होती, आधीच्या गोळीनंतर चाप पुरता पुढे सोडलाच नव्हता, किंवा ऑफिसर येण्याआधी खेळाडूने पिस्तूल उघडलं होतं, तर बिघाड 'अग्राह्य'. मग न मारलेल्या गोळ्यांचे शून्य गुण.

यातलं शेवटचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पिस्तूल खरोखरच बिघडलेलं असेल, खेळाडूची तिळमात्र चूक नसेल, तरी बोल्ट खेचला की ते सिद्ध करायला काही उरत नाही. पुंगळी कुठे अडकली होती, बोल्ट किती मिलिमीटर उघडा राहिला होता, काडतुसाचं टोक वर होतं की खाली, हे सगळं त्या एका झटक्यात पुसलं जातं. हा नियम स्पर्धेपुरता ठेवू नये. सरावातही पिस्तूल अडकलं की आधी पाहावं आणि मग मोकळं करावं. जवान आणि पोलिसांना याच्या उलट शिकवतात. मॅगझिनला खालून थाप, स्लाइडला झटका आणि पुन्हा गोळीबार. त्यांच्यासमोर कोणीतरी गोळी घालायला उभा असतो, म्हणून तिथे तेच बरोबर. रेंजवर मात्र पाहायला दहा सेकंद नक्की असतात, आणि त्या दहा सेकंदांत जे दिसतं ते नंतर तासभर पिस्तूल खोलून बसलं तरी दिसत नाही.

काय पाहायचं ते कळण्यासाठी पिस्तूल एका गोळीत काय काय करतं ते डोळ्यांपुढे आणायला हवं. स्पर्धेतलं पिस्तूल असतं पॉइंट टू-टू बोअरचं, म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटर व्यासाचं. पार्डिनी, वॉल्थर, मोरिनी अशा युरोपीय कारखान्यांची पिस्तुलं आपल्या खेळाडूंच्या हातात दिसतात. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं. बोल्ट पुढे जाताना सगळ्यात वरचं काडतूस ढकलून नळीच्या मागच्या तोंडात, म्हणजे चेंबरमध्ये बसवतो. चाप ओढला की फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, तिथला दारूचा ज्वालाग्राही थर पेटतो, वायूचा दाब वाढतो आणि सुमारे अडीच ग्रॅमची शिशाची गोळी पुढे निघते. तोच दाब रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो आणि पुंगळी बोल्टला मागे ढकलते. या पिस्तुलांत बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि त्यामागची स्प्रिंग एवढ्यावरच दाब पेलायचा असतो. बोल्ट मागे जाताना एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळी धरून ठेवते, मग पुंगळी इजेक्टर या स्थिर टोकावर आपटते आणि बाजूच्या खिडकीतून उडून जाते. बोल्ट शेवटापर्यंत जाऊन परततो आणि पुढचं काडतूस उचलतो. या सगळ्याला सेकंदाचा अगदी लहानसा अंश पुरतो.

इथली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. या प्रकारच्या पिस्तुलात उडालेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर ढकलण्याचं मुख्य काम एक्स्ट्रॅक्टर करत नाही, वायूचा दाब करतो. एक्स्ट्रॅक्टर तिला सरळ धरून ठेवतो, म्हणजे ती इजेक्टरवर नेमक्या जागी आपटते. न उडालेलं काडतूस हाताने काढायचं असेल तेव्हा मात्र सगळी मदार त्याच्यावर. म्हणून पुंगळी चेंबरमध्येच अडकून राहिली की लगेच एक्स्ट्रॅक्टरला दोष देऊ नये. बहुतेक वेळा चेंबरच घाण असतं. पॉइंट टू-टूच्या गोळीवर मेण किंवा चरबीचा लेप असतो, गोळी उघड्या शिशाची असते. शंभर-दोनशे गोळ्यांनंतर मेण, शिसं आणि काजळी यांचं कडं चेंबरच्या आत बसतं. पुंगळी फुगून त्या कड्याला घट्ट धरते आणि मागे सरकायला वेळ लावते.

आता खुणा पाहू. पुंगळी खिडकीत उभी अडकली, अर्धी बाहेर आणि अर्धी बोल्टखाली चिमटलेली, तर ती चेंबरमधून निघाली होती पण पुरेशा जोराने उडाली नाही. कारणं दोनच दिशांना असतात. बोल्ट पुरता मागे गेला नाही, किंवा पुंगळीवरची पकड मध्येच सुटली. काडतूस कमकुवत असेल, मेण आणि तेलाच्या चिखलाने बोल्ट जड झाला असेल, स्प्रिंग त्या काडतुसासाठी जास्त कडक असेल, तर पहिली दिशा. एक्स्ट्रॅक्टरची नखी झिजली असेल किंवा तिच्या खाचेत घाण बसली असेल, तर दुसरी. कुठली ते ओळखायचं असेल तर आधीच्या पुंगळ्या कुठे पडल्या ते आठवावं. जमिनीवर सगळ्या पुंगळ्या एकाच जागी गोळा झाल्या असतील आणि एकच अडकली असेल, तर ते काडतूस संशयास्पद. पुंगळ्या हळूहळू जवळ जवळ पडत आल्या असतील, तर पिस्तूल मंदावत चाललं आहे. घाण वाढते आहे. चार पुंगळ्या चार दिशांना उडाल्या असतील, तर पकड सैल झाली आहे. रेंजवर पुंगळ्या झाडून डब्यात टाकण्याआधी त्यांचा पसारा एकदा पाहून घ्यावा. त्यातून जितकं कळतं तितकं पिस्तूल खोलूनही कळत नाही, असं मी मानतो.

पोलिमरच्या हलक्या पिस्तुलांत मनगट ढिलं ठेवल्यानेही अशी पुंगळी अडकते. स्लाइडला मागे जायला पिस्तूल स्थिर धरलेलं लागतं, आणि ढिल्या हातात सगळं पिस्तूलच मागे जातं. स्पर्धेच्या जड पिस्तुलात ही शक्यता फार कमी.

दुसरी खूण म्हणजे बोल्ट पुढे आला, पण काडतुसाचं नाक चेंबरच्या तोंडाशी, उतरत्या धातूवर अडकलं. इथे पिस्तुलाला हात लावण्याआधी मॅगझिनकडे पाहावं. मॅगझिनच्या वरच्या दोन्ही पत्र्यांच्या कडा, ज्यांना लिप्स म्हणतात, त्या काडतुसाला ठरावीक कोनात धरून ठेवतात. मॅगझिन एकदा फरशीवर पडलं आणि एक लिप थोडीशी वाकली, तरी नाक वर किंवा खाली होतं. नाक खाली अडकलं तर बहुधा आतली स्प्रिंग दमली आहे किंवा आत घाण आहे, आणि बोल्ट येण्याआधी काडतूस पुरतं वर आलं नाही. नाक वर गेलं तर लिप्स उघडल्या आहेत का पाहावं. लिप्स पक्कडीने वाकवून सरळ करायचा मोह टाळावा. मोजमाप न कळता केलेली दुरुस्ती पुढच्या महिन्यात वेगळ्या रूपात परत येते.

पॉइंट टू-टूच्या काडतुसाला मागे रुंद कड असते, रिम. १८८० च्या दशकात हे काडतूस बाजारात आलं, तेव्हा अर्धस्वयंचलित पिस्तुलं जवळजवळ नव्हतीच. रिव्हॉल्व्हर आणि एकेरी गोळीच्या रायफलींसाठी ही कड सोयीची होती. मॅगझिनमध्ये मात्र ती त्रास देते. काठाच्या ताटल्या एकावर एक ठेवून वरची पुढे सरकवावी तसं हे आहे. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असेल, तरच ते अडथळ्याविना पुढे जातं. मागे राहिली तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्टने कितीही ढकललं तरी काडतूस हलत नाही. म्हणून मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस मागे नीट सरकलं का, रिमा पायऱ्यांसारख्या पुढे-मागे बसल्या का, ते पाहावं लागतं. घाईत भरलेल्या मॅगझिनला दोष देण्याची पद्धत आहे. दोष भरणाऱ्या बोटांचा असतो.

आपल्याकडे परवान्यावर स्वसंरक्षणासाठी जी पॉइंट थ्री-टू पिस्तुलं मिळतात, त्यांनाही हा धोका आहे. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये बनवलेल्या त्यांच्या काडतुसाची कडही पुंगळीपेक्षा जराशी रुंद आहे. ती इतकी कमी आहे की बरेच जण ते काडतूस बिनरिमचंच समजतात. मग मॅगझिन कसंही भरतात.

तिसरा प्रकार सगळ्यात वैतागवाणा. जुनी पुंगळी चेंबरमध्येच, आणि तिच्या पाठीशी नवं काडतूस येऊन ठोकलेलं. इथे झटके देऊन काही होत नाही, उलट नवं काडतूस आणखी घट्ट बसतं. बोल्ट मागे धरून आधी मॅगझिन काढावं. ते सहज सुटत नाही, कारण अर्धवट निघालेल्या काडतुसाने ते आतून धरलेलं असतं. ओढून काढावं लागतं. मॅगझिन निघालं की बाकीचं बहुतेक वेळा सहज बाहेर पडतं. या सगळ्या वेळात नळी निशाणाकडेच आणि बोट चापाबाहेर. अडकलेल्या पिस्तुलाशी झटापट करताना लोक त्याचं तोंड कुठे आहे हे विसरतात, आणि रेंजवरचे अपघात बहुधा अशाच वेळी होतात.

चापाचा 'टक' आवाज आला पण बार झाला नाही, तर पिस्तूल निदान तीस सेकंद निशाणाकडे रोखून ठेवावं. काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. मग काढून त्याच्या कडेवरची खूण पाहावी. खोल आणि स्पष्ट खड्डा असेल, तर पिनेने आपलं काम केलं होतं. त्या जागी कडेत दारू नव्हती. कारखान्यात ही दारू ओली असताना काडतूस फिरवून ती कडेत पसरवतात, आणि क्वचित एखाद्या जागी थर पातळ राहतो. खड्डा उथळ असेल, तर पिनेच्या भोकात मेण साचलं आहे, पिन झिजली आहे, किंवा बोल्ट पुरता बंद झालाच नव्हता. खड्डाच नसेल, तर बहुधा पिन तुटली आहे. त्याच खोक्यातली आणखी दोन-तीन काडतुसं अशीच निघाली आणि खड्डे खोल असले, तर तो सगळा लॉट बाजूला ठेवावा.

पॉइंट टू-टूला आणखी एक खोड आहे. रिकाम्या चेंबरवर सारखा चाप ओढून सराव केला, तर काही पिस्तुलांत पिन चेंबरच्या काठावर आदळते, काठाला बारीक गुठळी येते आणि तीच गुठळी काडतूस अडवते. पिन तिथवर पोचणार नाही अशी पिस्तुलं आता बरीच आहेत, तरी आपलं कुठलं ते माहीत करून घ्यावं, किंवा सरावासाठी प्लास्टिकची खोटी काडतुसं वापरावीत.

या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र अशी की तिच्यात पिस्तूल अडकल्यासारखं वाटतही नाही. आवाज नेहमीपेक्षा दबका येतो, हाताला धक्का जाणवत नाही, निशाणावर छिद्र नाही. काडतुसात दारू कमी होती आणि गोळी नळीतच थांबली. अशा वेळी पुढची गोळी मारली, तर ती अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते आणि नळी फुगू किंवा फुटू शकते. ३१ मार्च १९९३ रोजी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन इथे 'द क्रो' या चित्रपटाच्या चित्रीकरणात अभिनेता ब्रँडन ली याचा मृत्यू झाला, तो याच साखळीतून. रिव्हॉल्व्हरमध्ये आधीच्या दृश्यासाठी वापरलेल्या नकली काडतुसाची गोळी नळीत राहून गेली होती. नळी कोणी तपासली नाही. नंतर त्यात नुसत्या आवाजाचं काडतूस घातलं आणि त्याच्या वायूने ती गोळी बाहेर फेकली. ब्रँडन ली तेव्हा २८ वर्षांचा होता. आवाज वेगळा आला की थांबावं, पिस्तूल रिकामं करावं, नळी मागून उजेडात पाहावी. थाप आणि झटका ही सवय इथे जीवघेणी ठरते, कारण बोल्ट हाताने मागे खेचला की पिस्तूल पुढची गोळी मारायला तयार होतं.

पिस्तूल किती भरवशाचं होऊ शकतं हे दाखवणारी कसोटी अमेरिकन लष्कराने मार्च १९११ मध्ये घेतली. ब्राउनिंगच्या नव्या पॉइंट फोर-फाइव्ह पिस्तुलातून दोन दिवसांत सहा हजार गोळ्या मारल्या गेल्या. तापलं की पाण्यात बुडवून गार करत आणि पुन्हा मारत. एकदाही अडकलं नाही. स्पर्धक सॅव्हेज पिस्तूल सदतीस वेळा अडकलं. त्याच महिन्यात ब्राउनिंगचं पिस्तूल लष्कराने स्वीकारलं आणि ते पुढे सात दशकांहून अधिक काळ अमेरिकन सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं. ब्राउनिंगने त्याआधी अनेक वर्षं एकामागून एक आराखडे लष्कराला दाखवले होते, प्रत्येकातले अडथळे मोजले होते आणि ते पुढच्यात काढले होते. ती सहा हजारांची मालिका मला त्या मोजणीचं फळ वाटते.

आपल्याला आराखडा बदलता येत नाही, पण मोजता येतं. मॅगझिनवर मार्करने आकडे घालावेत: एक, दोन, तीन. अडथळा आला की वहीत चार गोष्टी लिहाव्यात. मॅगझिनचा आकडा, मॅगझिनमधली कितवी गोळी, काडतुसाचा लॉट, आणि साफ केल्यापासून झालेल्या गोळ्या. अडथळा दर वेळी तिसऱ्या क्रमांकाच्या मॅगझिनमध्येच येत असेल, तर पिस्तूल निर्दोष आहे, ते मॅगझिन फेकून द्यावं. दर वेळी शेवटच्या गोळीवर येत असेल, तर मॅगझिनची स्प्रिंग कमजोर आहे. दोनशे गोळ्या झाल्यावरच सुरू होत असेल, तर घाण. एका लॉटलाच येत असेल, तर काडतुसं. नोंद नसेल, तर माणूस एकाच दिवशी स्प्रिंग बदलतो, तेल बदलतो, काडतूस बदलतो, आणि यातलं काय कामी आलं ते त्याला कधीच कळत नाही.

साफसफाईत पॉइंट टू-टूची नळी रोज घासायची गरज नसते. गोळी मऊ शिशाची, वेगही कमी, त्यामुळे नळी फार झिजत नाही. उलट चुकीच्या दांडीने घासताना तिच्या तोंडाचा काठ खराब होऊ शकतो. रोज साफ करायला हवेत ते चेंबर, बोल्टचा चेहरा, एक्स्ट्रॅक्टरची खाच आणि मॅगझिनच्या लिप्स. तेल थोडंच. जास्त तेलात न जळलेली दारू आणि मेण कालवलं जातं आणि त्याचा लगदा बोल्टला जड करतो. काडतुसांना तेलाचा हात अजिबात नको.

महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने वेगळे धरावेत. बालेवाडीच्या रेंजवरून घरी आल्यावर पिस्तूल फोमच्या पेटीत बंद करून ठेवलं, तर फोम दमटपणा धरून ठेवतो. पिस्तूल उघड्यावर सुकवून, हलका तेलाचा हात फिरवून आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून मगच बंद करावं. परवानाधारकांचं दुखणं निराळं. त्यांची पिस्तुलं चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं पडून असतात, आणि चामड्यातल्या रसायनांनी पितळेच्या काडतुसांवर हिरवट गंज चढतो. अशी काडतुसं चेंबरमध्ये बसत नाहीत किंवा बसली तर निघत नाहीत. निवडणुकीच्या आचारसंहितेत ही पिस्तुलं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि काही आठवड्यांनी परत मिळतात. परत आलेलं पिस्तूल उघडून, रिकामं असल्याची खात्री करून, सुकलेलं तेल पुसून आणि मॅगझिनची स्प्रिंग दाबून पाहिल्याशिवाय कपाटात ठेवू नये.

काडतुसांची निवड हे सगळ्यात महागडं आणि सगळ्यात हिशोबाचं काम. स्पर्धेची पिस्तुलं मध्यम वेगाच्या काडतुसांसाठी जमवलेली असतात. अतिवेगाची काडतुसं बोल्टला मागे जोरात आपटवतात. तो परत इतक्या वेगाने येतो की मॅगझिनमधलं काडतूस वर यायला वेळच मिळत नाही. ढिली काडतुसं उलटा त्रास देतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, म्हणून खेळाडू एक लॉट पारखून त्याचीच बरीच खोकी साठवतात.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांग इथे २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या नफस्वान यांगपायबूनचे सारखेच, ३४ गुण झाले. निकाल शूट-ऑफवर गेला आणि पहिला शूट-ऑफही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात राही एका गुणाने पुढे गेली. अशा फेरीत एक पुंगळी अडकली, तर रेंज ऑफिसर नियमाप्रमाणे संधी देईल. पण तोवर लागलेली लय, हाताची उंची, श्वास, हे सगळं खेळाडूला पुन्हा जुळवावं लागतं, आणि त्यासाठी नियमात वेगळी मिनिटं नाहीत. म्हणून अनुभवी खेळाडू अंतिम फेरीच्या मॅगझिनमध्ये घालायची काडतुसं आदल्या संध्याकाळी एक एक करून बोटांत फिरवून पाहतात. शिशाला खाच नाही ना, कड सारखी आहे ना, मेण उडालेलं नाही ना. खटकलेली काडतुसं सरावाच्या डब्यात जातात आणि उरलेली, त्याच लॉटची, आकडा घातलेल्या मॅगझिनांशेजारी ठेवली जातात.